हाडोळ्याला इंग्रजीत काय म्हणतात

आमच्या वडिलांना, म्हणजे आबांना, दोन नोकऱ्या होत्या. एक परळच्या गिरणीत, साच्यावर, म्हणजे मागावर. ती त्यांनी दारोदार खेटे घालून मिळवली होती. दुसरी गावची, आणि ती त्यांना जन्माबरोबर न मागता मिळाली होती. घाटावरच्या आमच्या गावात महारकीची पाळी असे. घराघरांत, भावाभावांत ती वाटलेली. ज्याची पाळी येईल त्यानं त्या दिवसांत गावाचं काम करायचं. चावडी झाडायची, वसुलीची थैली घेऊन तालुक्याला पायी जायचं, कोणाच्या घरी कोणी वारलं की पाहुण्यांच्या गावाला सांगावा पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं. मधल्या वेळात पाटलांची लाकडं फोडायची, जे कुठल्याच कागदात लिहिलेलं नव्हतं. या सगळ्याच्या बदल्यात आमच्या घराण्याकडे हाडोळा होता. हाडोळा म्हणजे महारांच्या वतनाची जमीन, गावाच्या कडेची, निम्मी खडकाळ. पाळी चुकवली की त्या जमिनीतला वाटा गेला.

म्हणून आबा दर वर्षी पाळीचा महिना आला की गिरणीत रजा टाकून गावी जात. साच्यावर त्यांच्या जागी बदली कामगार उभा राही. गिरणीला बदली चालायचा, गावाला चालायचा नाही. भावानं दोघांचं काम केलं तरी पाटील विचारायचे, मुंबईवाला कुठं तोंड लपवून बसलाय. एकदोनदा असंही झालं की परत आल्यावर साचा त्या बदलीवाल्यालाच देऊन टाकलेला, आणि आबांना पुन्हा गेटावर उभं राहून स्वतःच बदली व्हावं लागलं. लहानपणी एका पाळीला मी त्यांच्याबरोबर गेले होते. लालबागच्या सभांमध्ये पुढच्या रांगेत बसणारा, चाळीतली भांडणं सोडवणारा माझा बाप हातात महारकीची घुंगुरकाठी घेऊन चावडीसमोर उन्हात उभा होता, आणि माझ्याहून लहान एक पोरगी त्यांना ‘ए, हिकडं ये’ म्हणत होती. आबा गेले. मी तिथल्या तिथे ठरवलं की मोठी झाल्यावर हे कोणाला तरी सांगायचं. कोणाला आणि कुठल्या भाषेत, ते तेव्हा ठरलं नव्हतं.

पुढे नागपूरला धम्मदीक्षा झाली. आमची सगळी आळी बौद्ध झाली आणि गावात माझ्या काकांनी, आबांच्या धाकट्या भावानं, पाळी बंद केली. घुंगुरकाठीचे घुंगरू काढून त्यांनी वासराच्या गळ्यात बांधले आणि काठी चुलीत घातली. चहा झाला त्या काठीवर, असं काकू मोठ्या चवीनं सांगायची. गावानं उत्तर द्यायला वेळ लावला नाही. वाण्यानं माल देणं थांबवलं, आणि पाटलांनी तालुक्याला अर्ज केला की या लोकांनी गावकी सोडली, सबब हाडोळा काढून घ्यावा. तालुक्याला निकाल आमच्या विरुद्ध गेला. काका, काकू, त्यांची तीन मुलं आणि आमची आजी, सगळी त्या जमिनीवर जगत होती. अपील मुंबईला करायचं होतं, आणि मुंबईत कोर्टाचं सगळं इंग्रजीत.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन, टायपिंग शिकून गिरगावात एका वकिलांच्या ऑफिसात लागले होते. काम भाषांतराचं. खेड्यापाड्यांतून येणारी खरेदीखतं, वाटणीपत्रं, जबान्या, सगळं मराठीतून इंग्रजीत करायचं आणि खाली ‘हे खरे व बरोबर भाषांतर आहे’ अशा अर्थाच्या ओळीखाली सही करायची. त्या सहीशिवाय कागद कोर्टात उभा राहत नसे. आमचे वकीलसाहेब म्हणजे भला माणूस, हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल थोडं वाकडं बोलणार आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी ते सत्याग्रह करून तुरुंगात जाऊन आले होते. चौपाटीवर त्यांचं भाषण असलं की आम्ही परळहून ट्रामनं जायचो. मराठीसाठी त्यांचा आवाज असा चढायचा की शेजारच्या भेळवाल्याचे हात थांबायचे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन ते शिपायालासुद्धा इंग्रजीत चिठ्ठी लिहायचे.

आमचं अपील त्यांनी घेतलं आणि म्हणाले, ‘फी नको, बाई. तुमच्या लोकांसाठी एवढं करणं माझं कर्तव्य आहे.’ आबांनी तरीही जमेल तेवढी फी पाकिटात घालून टेबलावर ठेवली. वकीलसाहेबांना ते जरा लागलं. आबांना इलाज नव्हता. फुकट दिलं असं म्हटलं की पुढं ते कसं परत मागतात, ते घरात चालूच होतं.

काकांच्या जबानीचं भाषांतर माझ्याकडे आलं. नात्यातलं काम आहे, दुसऱ्या कोणाला द्या, असं मी सुचवलं. पण ऑफिसात हे काम करणारी मी एकटीच होते. जबानीत पहिल्याच ओळीत ‘आमचा वडिलोपार्जित हाडोळा’ असे शब्द. ऑफिसात शब्दांची एक जाडी वही होती, त्यात देशमुखाचं वतन, कुलकर्ण्याचं वतन, इनाम, जहागीर, सगळ्याला भारदस्त इंग्रजी शब्द होते. आमच्या वतनाच्या आधी मात्र सरकारी इंग्रजीत ‘इन्फिरिअर’ लागायचं. हलक्या प्रतीचं. जमीन हलक्या प्रतीची होती हे खरं आहे, पण सरकारला जमिनीबद्दल बोलायचं नव्हतं.

वकीलसाहेब म्हणाले, ‘ते इन्फिरिअर काढा. इस्टेट लिहा. अँसेस्ट्रल इस्टेट. जज्जाला वाटलं पाहिजे की खानदानी माणसं आहेत.’

‘खानदानी माणसं चावडी झाडत नाहीत, साहेब,’ मी म्हणाले.

ते हसले. मग म्हणाले, ‘बरं, ग्रँट लिहा. गावानं कृपा करून दिलेली.’

मला राग आला. कृपा करून दिलेली म्हटलं की कृपा संपल्यावर परत घ्यायला मोकळे. पाटलांच्या अर्जात वेगळं काय होतं? मी म्हणाले, ‘ही कोणाची कृपा नाही. आमच्या लोकांनी काम केलं. पगार लिहिते. वेजेस.’

‘लिहा की,’ वकीलसाहेब शांतपणे म्हणाले. ‘आणि काम बंद केलं की पगार बंद. उद्या समोरचा वकील हेच म्हणेल, आणि जज्ज मान डोलावतील.’

ते बरोबर बोलत होते, त्याचाच जास्त संताप आला. ग्रँट म्हटलं तरी जमीन जाणार, वेजेस म्हटलं तरी जाणार. इंग्रजीत जणू आमच्यासाठी दोनच दरवाजे होते आणि दोन्ही बाहेर जायचे.

घरी येऊन आबांना विचारलं, ‘तुम्ही याला काय म्हणता?’ आबा पत्र्याच्या डब्यातलं खोबरेल डोक्याला लावत होते. म्हणाले, ‘हाडोळा. आन काय म्हनायचं?’ फार मदत झाली असं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी जे टाइप केलं ते असं. ‘हाडोळा’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत तसाच ठेवला, त्याच्या जागी दुसरा शब्द घातला नाही. आणि खाली, तळटीप म्हणून, एक परिच्छेद लिहिला. पाळीत काय काय करायचं ते. थैली कोण नेतं, ढोर कोण ओढतं, सांगावा कोण पोचवतं, आणि वाटेत रात्र झाली तर गावाबाहेर कुठं झोपायचं. विशेषणं एकही नाही. हे काम आमच्या घराण्यात कोणी केलं त्यांची नावं आजीला पाठ होती तेवढी मागे मागे घातली. शेवटचं वाक्य असं होतं की ही जमीन त्या माणसांच्या कष्टातून आमच्याकडे आलेली आहे, म्हणून ती आमची आहे.

वकीलसाहेबांनी चष्मा चढवून वाचलं आणि अख्ख्या परिच्छेदावर लाल पेन्सिल फिरवली. ‘बाई, भाषांतरकारानं वकिली करायची नसते. हे माझं काम आहे. ग्रँट लिहा, सही करा, उद्या दाखल करायचंय.’

‘मी सही करणार नाही,’ मी म्हणाले.

ऑफिसातलं टाइपरायटर थांबलं. ते चालवणारी मीच होते. वकीलसाहेबांना वाटलं, मला नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मीही पुन्हा सांगितलं. ‘खाली लिहिलंय, खरे व बरोबर भाषांतर. ग्रँट हे खरंही नाही आणि बरोबरही नाही. माझ्या नावानं मी ते लिहिणार नाही. नोकरीवरून काढायचं असेल तर काढा.’

‘तुमच्या काकांची जमीन जाईल. कळतंय का?’

‘तुमच्या शब्दानं जाणारच आहे. निदान माझ्या सहीनं नको.’

हे मी धीटपणानं बोलले असं वाटेल. बोलताना मी मनात घरखर्चाचा हिशेब मांडत होते. घरात आबांच्या पगारानंतर माझाच पगार, आणि आबांचा साचा तेव्हा कधी असे, कधी नसे. पण हटायचं नाही, हे मात्र आतून पक्कं होतं.

वकीलसाहेब खुर्ची मागे सारून उठले. संध्याकाळी त्यांची सभा होती, कोट खुंटीवरून काढत होते. आणि तो कोट पाहून मला आठवलं. मी म्हणाले, ‘साहेब, शेवटचं वाक्य माझं नाही. तुमचं आहे.’

‘माझं?’

‘गेल्या सभेत तुम्ही म्हणालात. भांडवलवाले म्हणतात, मुंबईत पैसा आम्ही घातला, म्हणून मुंबई आमची. आणि तुम्ही म्हणालात, ज्यांच्या कष्टातून मुंबई उभी राहिली त्यांची ती आहे, ती कोणी आम्हाला दान दिलेली नाही आणि कोणी काढून घेऊ शकत नाही. माझ्या आबांनी त्या वाक्याला उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. मी फक्त मुंबईच्या जागी हाडोळा घातला आणि इंग्रजीत केलं. भाषांतरकारानं दुसरं काय करायचं?’

ते कोटाची एक बाही घालून तसेच उभे राहिले. मुंबईबद्दल हे वाक्य त्यांना सुचत होतं आणि गावच्या खडकाळ जमिनीबद्दल सुचत नव्हतं, यात त्यांचा वाईटपणा नव्हता. त्यांना ते कधी जोडून पाहायची वेळच आली नव्हती. दुसरी बाही घालून त्यांनी खोडरबर घेतलं आणि लाल रेघा पुसल्या. म्हणाले, ‘कागद फाटेल. पुन्हा टाइप करा.’ मी पुन्हा टाइप केलं आणि सही केली.

सुनावणीला आबा आणि मी मागच्या बाकावर बसलो होतो. न्यायाधीश मराठी नव्हते. ‘हाडोळा’पाशी ते अडखळले. हडोला म्हणाले, हडोरा म्हणाले, शेवटी वकीलसाहेबांना विचारलं, हे काय आहे? वकीलसाहेबांनी माझा परिच्छेद वाचून दाखवला, सावकाश, चौपाटीचा आवाज न लावता. थैली, ढोर, सांगावा, नावं. न्यायाधीशांनी समोरच्या वकिलांना विचारलं, ‘या कामाबद्दल गावानं यांना दुसरं काही दिलं होतं का?’

समोरचे वकील ऐटीत म्हणाले, ‘नाही. जमीन हाच मोबदला होता.’

‘इथं ज्यांची नावं आहेत त्या लोकांनी केलेल्या कामाचा?’

‘अर्थात.’

‘मग झालेल्या कामाचा मोबदला तुम्ही परत कसा मागता?’

मी आबांच्या कानात मराठीत सांगितलं. आबांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. त्या दिवशी सगळा निकाल लागला असं नाही. जमीन काढून घेऊ नये एवढा हुकूम झाला आणि पुढच्या तारखा पडत राहिल्या. तोवर ही वतनंच रद्द करणारा कायदा अमलात आला, काकांनी रीतसर अर्ज केला आणि हाडोळा साधी जमीन म्हणून त्यांच्या नावावर लागला. वकीलसाहेबांची सही शेवटपर्यंत इंग्रजीतच राहिली. माझी नोकरीही राहिली.

नंतर कितीतरी वर्षं मी हेच काम केलं, आणि नवी मुलं मला विचारायची की बाई, हाडोळ्याला इंग्रजीत काय लिहायचं. मी सांगायचे, हाडोळाच लिहा, आणि वाचणाऱ्याला अडखळू द्या. अडखळला म्हणजे विचारतो.

पण मला जे सांगायचं आहे ते हाडोळा नावावर लागल्यानंतरच्या वर्षाचं. महाराष्ट्र झाला होता, लालबागेत अजून फाटक्या पताका लटकत होत्या. पाळीचा महिना आला आणि आबांनी गिरणीत रजा टाकली. आई म्हणाली, ‘आता कशाला? आता कुठं पाळी हाय?’ आबांनी ठेवणीतला पांढरा सदरा काढला, मला म्हणाले, ‘चल,’ आणि आम्ही गावी गेलो. सकाळी ते हाडोळ्यात जाऊन बांधावर बसले. काम काही नव्हतं, पेरणी काकांनी उरकली होती. आबा नुसते बसून राहिले, दिवस चढेपर्यंत. मग चावडीवरून गडी आला आणि लांबूनच ओरडला, ‘ए, पाटलांनी बोलावलंय.’

आबा उठले नाहीत. ‘त्यांना म्हणावं, मी माझ्या रानात बसलोय,’ ते म्हणाले. ‘काम असंल तर हिकडं या.’