फौजेच्या पैशाची तबकडी

९ मे २००५ रोजी दांते माकाराएगने ३,७५० डॉलर रोख आणून आपल्या पंक बँडच्या हवाली केले. व्हॅलेहोतल्या स्टुडिओचं भाडं आणि तबकडीच्या पाचशे प्रती, सगळं त्यात बसत होतं. पाच महिने अलास्कात मासे डबाबंद करायच्या कारखान्यात राबलो, असं तो सांगे. डोकं भादरलेलं होतं, पण पंक पोराच्या डोक्याकडे कोण संशयाने बघतो?

दांते ड्रम वाजवायचा. गाणी कॉरी सॅडलरची; लिहायची तीच, घसा फोडून गायचीही तीच. अकरा गाण्यांत मिळून एकच कथा होती. गोदी बंद पडलेल्या गावातला जोना आईला खोटं सांगून फौजेत जातो, वाळवंटात मरतो आणि शेवटच्या गाण्यात त्याची आई शवपेटीवरचा, सरकारने दिलेला झेंडा अधिकाऱ्याच्या अंगावर फेकते.

बँड ज्या क्लबात वाजवी, तबकड्या विकायला ठेवी, तिथल्या मंडळींची एक रीत होती. मोठ्या कंपनीचा पैसा घ्यायचा नाही, आणि कोणाचा पैसा कुठून आला ते तबकडीसोबतच्या गाण्यांच्या कागदावर छापायचं. तो कागद तयार करताना कॉरीने विचारलं, "दांते, तुझ्या कारखान्याचं नाव काय रे?"

दांते ड्रमच्या काड्या पुसत राहिला. "कारखाना नव्हताच. नॅशनल गार्डमध्ये, राखीव फौजेत, भरती झालो. प्रशिक्षण संपल्यावरचा बोनस आहे हा."

"थट्टा पुरे."

"बाबांची गोदीतली नोकरी गेली, माझं कॉलेज गेलं. महिन्यातून दोन दिवस कवायत, वणवा-पूर आला तर मदत, असं म्हणाले होते. आता तुकडीला इराकचा हुकूम आलाय. ऑगस्टमध्ये."

कॉरीने पेन खाली ठेवलं. "म्हणजे मी जोनाच्या नावाने शंख करतेय, आणि जोना माझ्याच पाठीमागे बसून ठोकतोय!"

"तू मागे बघतेस कधी?"

"गाढवा! हे छापलं तर क्लब तबकडीला दारातसुद्धा उभं करणार नाही. मी मासेच लिहिते."

"जोना आईशी खोटं बोलतो म्हणून तिसऱ्या गाण्यात त्याला काय काय शिव्या दिल्यास! वाजवायला मलाच लावलंस ना? खरं छाप. जाण्याआधी आपली तबकडी मला क्लबच्या विक्रीच्या फळीवर बघायचीय, पण खोटं छापून नको."

कॉरीने खरं छापलं. क्लब चालवणारी पोरं रविवारी गोल करून बसली आणि मतासाठी हात वर झाले. फौजेच्या पैशाला फळीवर जागा नाही. कॉरी भांडभांड भांडली, हरली. तबकड्यांची खोकी दांतेच्या आईच्या, लूझच्या, गॅरेजमध्ये गेली. ऑगस्टमध्ये दांते गेला. नोव्हेंबरात रस्त्यात पेरलेल्या सुरुंगाने मेला.

मग क्लबचा निरोप आला, शंभर प्रती पाठवा. कॉरी लूझकडे गेली. टीव्हीवर ठेवलेल्या बाळ येशूच्या मूर्तीशेजारी काचेच्या पेटीत तिकोनी घडीचा झेंडा होता. लूझने तिच्यापुढे शेवयांची ताटली ठेवली.

"मावशी, झेंडा तुम्ही घेतलात?"

"मग काय फेकू? पोराच्या जागी तेवढंच घरी आलंय. ऐकलं हो तुझं गाणं. ज्या बाईला पोर नाही, तिने लिहिलेलं आहे ते."

कॉरीने मान खाली घातली. "क्लबला प्रती हव्यात, मावशी."

"जिवंत होता तेव्हा जागा नव्हती. आता मेल्यावर बरी झाली! एकही देणार नाही. खाऊन घे, निवतंय."

पाचशेच्या पाचशे प्रती गॅरेजमध्येच आहेत. गाण्यांचे कागद छापणाऱ्याचे अठरा डॉलर अजून द्यायचे आहेत.