बोट ठेवलं तिथे आधी बघा

बॅचमधल्या सगळ्यांनो, आत्ताच घरी आलेय आणि हे लिहिल्याशिवाय चहासुद्धा घेणार नाही.

आज कुडाळात माझ्याकडे सोनोग्राफीला तोंडवलीची नऊ वर्षांची मुलगी आली. चांगली गुटगुटीत. दोन दिवस पोटात दुखतंय. सर्जनच्या चिठ्ठीवर ‘अपेंडिक्स’, ऑपरेशनची तयारी सुरू. पण ताप नाही, उलटी नाही, उलट आईकडे खाऊ मागत होती!

“खंय दुखता गो?” मी विचारलं.

तिने बेंबीच्या उजवीकडे बोट टेकवलं. “हयसर!”

मी प्रोब तिथेच ठेवला. आतड्यांवर चरबीचा पडदा असतो ना, त्याचा एक तुकडा रक्तपुरवठा तुटून सुजला होता. मग अपेंडिक्स शोधलं. ते अगदी ठीक. सर्जनना बोलावून स्क्रीनवर दाखवलं आणि ऑपरेशन थांबलं. आता तिला दाखल करून दुखणं कमी करायचं औषध द्यायचं आणि लक्ष ठेवायचं. दुखणं वाढलं, तरच ऑपरेशन.

मासे विकणारी तिची आई वैतागली. “काय एक न करता बरा कसा होतला?”

“बहुतेक वेळा आपसूक होता. सकाळी मी परत बघतलंय.”

गेल्या वर्षी असंच एक पोर आलं होतं. मी चिठ्ठी वाचून नुसतं अपेंडिक्स शोधत बसले. त्याचं पोट उघडलं, तर आत असाच सुजलेला चरबीचा तुकडा. तेही बोटाने दाखवत होतं. माझ्या टेबलावर हे पुन्हा होणार नाही.

तुम्ही आधी कुठे बघता, चिठ्ठी सांगते तिथे की मूल दाखवतं तिथे?