मोठेबाबांचा जपानी वन्समोअर

अजून अंगावर काटा आहे, म्हणून घाईतच लिहितेय.

आज दुपारी सावली गावातल्या आमच्या घरी एक ॲनिमे मालिका पाहत होते. १९५० च्या दशकातलं जपानी खेडं. चित्रं अशी की धानाच्या बांधीतल्या पाण्यात ढग हलताना दिसतात. संगीत तर विचारूच नका. कथा मात्र भरकटलेली. पाचव्या भागात मेलेला भाऊ परत येतो, का ते कोणी सांगतच नाही. मी चिडून तिथेच मालिकेला धुऊन काढणारी पोस्ट लिहायला घेतली.

शेजारी मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ बसले होते. जन्मभर झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या भागातल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत पेटी वाजवलेला माणूस. म्हणाले, "काऊन चिडतं? आमच्या नाटकातही गोष्ट अडली का आमी गाणं टाकत होतो. पब्लिक खुश."

तेवढ्यात मालिकेत गाणं लागलं. "वन्समोअर," मोठेबाबा म्हणाले. मी मागे नेऊन लावलं. पुन्हा वन्समोअर.

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा ते आत गेले आणि पेटी घेऊन आले. मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, वारल्यापासून ती पेटी बंदच होती. गाण्याचा सूर बरोबर लागला.

माझी पोस्ट अर्धीच राहिली आहे. आता ती कोणत्या तोंडानं पूर्ण करू, सांगा?