बोटाकडे बघायचं

सून सरकारी प्रशिक्षणाहून परत आल्यापासून मी जरा घुश्शातच आहे. ती पहिलीचा वर्ग घेते. मीही निवृत्त होईपर्यंत पहिलीच घेतली. लहान मूल वाचायला कसं शिकतं, हे तिला सरकारने दहा दिवस, चहा-जेवणासकट, बसवून शिकवलं. मला पहिल्या दिवशी हेडमास्तरांनी खडूची पेटी दिली आणि साठ मुलं दिली.

आज ती शेजारच्या मुलीला वाचायला घेऊन बसली होती. मुलगी ओळीखाली बोट फिरवत घडाघडा धडा म्हणत होती. मी कौतुकाने ऐकत होते, तेवढ्यात सुनेने तिला थांबवलं.

"आई, हिचं बोट बघा. ते ओळीच्या टोकाला पोचलं आणि तोंड अजून मधेच आहे. ही वाचत नाहीये, पाठ म्हणतेय. आम्हाला तिथे सांगितलं, तोंडाकडे नाही, बोटाकडे बघायचं."

एवढंच! एवढं एक वाक्य मला कुणी सांगितलं नाही. सुनेच्या दागिन्यांचाही मला कधी इतका हेवा वाटला नव्हता.

माझ्या वर्गातली कमल अशीच घडाघडा म्हणायची. मी तिला सगळ्यांपुढे उभी करून वर्गाला टाळ्या वाजवायला लावायचे.

परवाच ती स्टँडवर भेटली. पाया पडली आणि समोरच्या एसटीकडे बोट दाखवून म्हणाली, "बाई, पाटीवर काय लिहिलंय हो?"

मी वाचून दाखवलं. वर हसून म्हणाले, "कमल, चष्मा करून घे गं आता."