बाईंचा पासवर्ड

नव्या कॉम्प्युटरसाठी साहेबांनी प्रत्येकाला पासवर्ड ठेवायला सांगितला, चुकूनही तोंडातून जाणार नाही असा. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी लगेच टाकला आणि लाजल्या. नवऱ्याचं नाव असणार हे आम्ही ओळखलं, पण ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मुंबईतल्या नवऱ्याला त्या कायम ‘हे’ म्हणायच्या. ह्यांना सोलकढी आवडते, ह्यांना उकाडा सोसत नाही.

यंदा गणपतीला ‘हे’ आलेच नाहीत. सुट्टी संपल्यावर बाई नेहमीसारखा अबोलीचा वळेसर माळून आल्या आणि साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

“पासवर्ड बदलायचाय.”

“का? कुणाला कळला काय?”

“अजून नाय.” त्या आमच्याकडे वळल्या. “दत्ताराम. त्यानं तिकडे दुसरी बायको केली.”

मी हातातला कप खाली ठेवला.

“आता कळला सगळ्यांना,” बाई साहेबांना म्हणाल्या. “बदला.”