आबांनी माझ्याशिवाय घेतलेला चहा

अन्याय माझ्यावर झालाय. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारी चार वाजता, वाकडच्या एका मोठ्या हॉटेलात माझे वडील गादीच्या खुर्चीत पाठ टेकून बसले आणि त्यांनी माझ्याशिवाय चहा घेतला. वर दुसरा कपही मागून घेतला. त्याच वेळी मी निघोज्याच्या पुढे एका शेडमध्ये प्रेस मशीनवर उभा होतो. त्यांना घेऊन गेले माझे दाजी. पुरावा आक्कानं स्वतः घरच्या ग्रुपवर टाकलाय, फोटो.

निलंग्यात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निलंगा सोडून चाकण, भोसरी, पिंपरीला आलेल्यांनो, मी आमच्या कंत्राटी कामगारांच्या समितीची पत्रकं लिहितो. त्यामुळे मला हळू आवाजात लिहिता येत नाही. एरवी कंपनीविरुद्ध लिहितो, आज घरच्यांविरुद्ध लिहितोय, एवढाच फरक.

या चहावर माझा हक्क आधीचा होता. कसा, ते सांगतो.

गाव सोडलं त्या सकाळी मी बसस्टँडवर पिशवी घेऊन उभा होतो. आबांचं कटिंगचं दुकान समोरच. एक खुर्ची, एक आरसा, एक बाक. खुर्चीत गिऱ्हाईक होतं, त्याच्या अर्ध्या गालाला फेस होता. त्याला तसंच ठेवून आबा खांद्यावरच्या टॉवेलसकट रस्ता ओलांडून आले. गाड्यावर दोन चहा सांगितले. काय बोलावं ते दोघांनाही सुचेना, म्हणून चहा फुंकत उभे राहिलो. तेवढ्यात कंडक्टरनं बेल मारली. माझा कप अर्धा, त्यांचाही अर्धा.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "पुढच्या बारीला बसून घिऊ दोघं. नीट."

मी खिडकीतून पाहिलं तर ते पळतच दुकानात शिरत होते. फेस वाळला की दाढी ओढते.

ती पुढची बारी आलीच नाही. मी सणाला जायचो तेव्हाच दुकानात गर्दी. आबांच्या धंद्याची रीत ज्यांनी त्यांच्या खुर्चीत दाढी केलीय त्यांना माहीत आहे. खुर्चीत बसलेला माणूस चहा मागवतो आणि मोठ्या मनानं एक आबांनाही सांगतो. आबांच्या हाताला साबण. त्यांचा कप आरशाखालच्या फळीवर ठेवला जातो, पावडरच्या डब्याशेजारी. गिऱ्हाईक आपला चहा गरम गरम पितं, मान तिरकी करतं, राजकारण सांगतं. आबांच्या कपावर साय धरते. हे गिऱ्हाईक उठलं की बाकावरचं दुसरं बसतं. मधल्या क्षणात, कापड झटकता झटकता, आबा तो चहा औषधासारखा एका घोटात संपवतात. लहानपणी मला वाटायचं मोठी माणसं चहा थंडच पितात.

मग मी इथं आलो. निघोज्यात एका खोलीत आम्ही सहा जण. कंपनीत दहा मिनिटांचा टी-ब्रेक. पर्मनंटवाल्यांना कँटीन, आमच्याकडे ट्रॉलीवरून चहाचा पिंप येतो. कागदी कप घ्यायचा आणि उभ्यानंच प्यायचा, कारण शेडमध्ये बसायला काही नाही. पॅलेटवर टेकलं तर सेफ्टीवाला ओरडतो. समितीची पहिली मागणी मीच लिहिली होती : चहाच्या वेळी बसायला बाक द्या. आमचे सुपरवायझर पत्रक वाचून हसले. म्हणाले, चहा प्यायला बसायला कशाला लागतं? पुरुष माणसं ना तुम्ही?

हे वाक्य माझ्या दाढेत अडकल्यासारखं राहिलंय.

आता दाजींबद्दल. दाजी डिझाइन इंजिनिअर आहेत. गळ्यात कार्ड, शनिवार-रविवार सुट्टी, मोशीत नवा फ्लॅट. माझी सुट्टी गुरुवारी, तीही मेंटेनन्स निघालं नाही तर. आबा वास्तुशांतीला आले ते दाजींकडे उतरले. मी निघोज्याच्या खोलीत त्यांना कुठं झोपवणार होतो? रविवारी आक्काच्या मनात आलं की हॉटेलात तो दुपारचा चहा मिळतो तो एकदा घेऊन बघू. हाय टी म्हणतात. तीन मजली ताटली येते, खाली सँडविच, मध्ये स्कोन नावाचं काहीतरी, वर केकचे तुकडे. चहा किटलीत. आक्कानं मला फोन केला होता, नाही असं नाही. माझी सेकंड शिफ्ट होती. दांडी मारली तर कंत्राटी माणसाचं काय होतं ते तिलाही माहीत आहे. ती म्हणाली, बरं, बघू मग कधीतरी.

संध्याकाळी तिचा मेसेज आला : "पुरुषांना असल्या ठिकाणी करमतं का रे? मला वाटलेलं हे दोघं दहा मिनिटांत घड्याळ बघतील. उठायलाच तयार नव्हते."

खाली फोटो. आबा खुर्चीत. हातात पांढरा कप, करंगळी थोडी वर. असा चेहरा मी त्यांचा आयुष्यात पाहिलेला नव्हता. शेजारी दाजी, हसताहेत, आणि त्यांच्या गळ्याभोवती लहान पोराच्या लाळेऱ्यासारखा पांढरा नॅपकिन गुंडाळलेला.

तो नॅपकिन पाहून मला फार बरं वाटलं. एवढा शिकलेला माणूस, आणि खाताना शर्टावर सांडतं म्हणून गळ्यात फडकं बांधून बसलाय.

सोमवारी टी-ब्रेकला मी तो फोटो मुद्दाम बाहेर काढला. पहिला दाखवला बाळूभाऊंना. बाळूभाऊ मूळचे निघोज्याचेच, वयानं आमच्यात मोठे. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला.

"ह्ये वरच्या ताटलीत काय हाय?"

केक, म्हटलं.

"नखाएवढा? एवढ्यासाठी वाकडला जायाचं? न्हाई बा. आमाला न्हाई जमायचं ह्ये."

असं म्हणून त्यांनी फोन द्यायला हवा होता. दिला नाही. सगळे गोळा झाले. एक म्हणाला हे बायकांचं काम आहे, भावा. दुसरा म्हणाला तिथं चहा पिताना बोलायचं काय असतं? तिसऱ्यानं विचारलं, किटली रिकामी झाली की परत भरून देतात का. देतात, म्हटलं. त्यानं मान पुढं काढून फोटो परत पाहिला. दाजींच्या लाळेऱ्यावर भरपूर हसून झालं, आणि त्यात सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. सगळ्यांनी नावं ठेवली आणि फोन कुणी सोडेना. भोंगा झाला तेव्हा फोन बाळूभाऊंकडेच होता. परत देताना म्हणाले, "खुर्ची चांगली हाय राव."

मंगळवारी सकाळी मी मोशीला गेलो. शिफ्ट तीनची, दोनला चौकातून कंपनीची बस. आबांची गाडी त्याच संध्याकाळी. मी जाब विचारायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू. वाटेत वाक्यं पाठ केली होती.

आक्का म्हणाली, गॅलरीत आहेत. गॅलरीत प्लॅस्टिकच्या स्टुलावर दाजी बसलेले, अंगाला जुनी चादर, आणि आबा त्यांचे केस कापत होते. कात्री सोबत आणलेलीच असते त्यांची. दाजी त्या दिवशी घरून काम करत होते म्हणे. काम असं चाललं होतं.

चहा माझा, तो दाजींनी घेतला. आता कटिंगही. निलंगा सोडल्यापासून माझ्या डोक्याला आबांचा हात लागलेला नाही. चाकणला एक पोरगा मशीन फिरवतो आणि पुढचा नंबर म्हणतो.

मी दारातच सुरू केलं. म्हटलं, आबा, मजा केली म्हणे परवा. कसा होता चहा? आम्हाला काय, आम्ही ट्रॉलीवाले.

आबांनी मान वर केली नाही. कात्री चालवत म्हणाले, "गरम होता."

एवढंच? म्हटलं केक, सँडविच, तीन मजली ताटली, आणि तुम्ही सांगता गरम होता?

"किटलीला स्वेटर घातलेला असतंय," आबा म्हणाले. "निवतच नाही. दुसरा कप घेतला तरी चटका. आन् कुणी उठ म्हणत नाही रे. मी दोनदा मागं वळून बघितलं, बाकावर कोण वाट बघूलालंय का. बाकच नाही तिथं."

मग दाजींच्या गळ्यातल्या फडक्याचा विषय मी काढला. उपरोधानंच काढला. आक्का आतून आली आणि तिनं खरं काय झालं ते सांगितलं.

टेबलावर बसल्या बसल्या वेटरनं आबांच्या हातात घडी घातलेला पांढरा शुभ्र नॅपकिन दिला. आबांनी तो घेतला. हाताला इतक्या वर्षांची सवय. ते उठले, नॅपकिन फटकारून उघडला, दाजींच्या मागं गेले आणि त्यांच्या गळ्याभोवती टाकून मागं नीट खोचला. हॉटेलभर माणसं बघताहेत. खोचून झाल्यावर आबांच्या लक्षात आलं आपण कुठं आहोत. आक्का म्हणते, तिला तर जमिनीत जावंसं वाटलं. आबांचे हात दाजींच्या खांद्यावर तसेच राहिले, काढता येईनात आणि ठेवताही येईनात.

दाजी हलले नाहीत. समोर बघत म्हणाले, "मागून मध्यम ठेवा, आबा. बाजूनं बारीक."

आबा हसले. असे हसले की वेटरही हसला. मग जागेवर येऊन बसले आणि चहा सुरू झाला. दाजींनी ते फडकं शेवटपर्यंत काढलं नाही. फोटोतही नाही, लिफ्टमध्येही नाही.

दाजींचा राग करणं मला आजवर फार सोपं जायचं. ती सोयही त्यांनी काढून घेतली. असं वागणं मला सुचलं असतं का? मी बहुतेक ओशाळून, काय हे आबा, असं म्हणालो असतो. माझा चहा दुसऱ्यानं घेतला याचं दुःख होतंच. तो माझ्यापेक्षा चांगला घेतला, हे त्याहून वाईट होतं.

दाजी चादर झटकून उठले. आबांनी माझ्याकडं पाहिलं. "आन् तुझं डोकं कुणी असं केलंय? उंदरानं कुरतडल्यावानी. बस."

मी बसलो. त्यांनी चादर गळ्याशी आवळली, बोटांनी मान पुढं केली. तोच साबणाचा वास. डोळे मिटले तर समोर बसस्टँड. दाजी आत गेले आणि स्टूल माझं झालं, याचा मला किती आनंद झाला ते लिहायला लाज वाटते. एक बाजू झाली. आबा कानाशी आले. आक्का मघाशीच चहा ठेवून गेली होती. मी माझा कप उचलून दोन घोट घेतले, आणि मान तिरकी करून आबांना सुपरवायझरचं सांगायला लागलो, बाकाचं, पत्रकाचं.

सांगता सांगता गॅलरीच्या कठड्याकडं लक्ष गेलं. तिथं, कुंडीशेजारी, आबांचा कप होता. साय धरलेला.

कोण बसलं होतं, कोण उभं होतं, कुणाचा चहा गरम होता? बाकासाठी पत्रकं काढणारा मीच तो. मी खुर्चीतलं गिऱ्हाईक झालो होतो. निलंग्याच्या दुकानात बसून राजकारण सांगणाऱ्यांसारखं.

मी उठलो. आबा म्हणाले, एक बाजू राहिलीय. म्हटलं, राहू द्या, बसा तुम्ही. त्यांना खांदे धरून स्टुलावर बसवलं. दाजींना हाक मारली. ते कप घेऊन आत गेले, चहा पुन्हा उकळून पातेलंच घेऊन आले, वर आक्काच्या मुलीची लोकरी टोपी घातलेली. त्यातही दाजींनीच बाजी मारली, असो. पण ओतला मी.

गॅलरीत स्टूल एकच. मी गळ्यात चादर, अर्धं डोकं कापलेलं, असा कठड्याला टेकून उभा राहिलो. आबा बसून चहा पीत होते. फुंकून, बशीत ओतून, सावकाश. मध्येच म्हणाले, "बस निघंल तुझी."

"निघू दे."

त्यांनी दुसरा कप पुढं केला. तोही ओतला. गाव सोडताना बसस्टँडवर काय बोलावं ते सुचलं नव्हतं तसंच इथंही सुचलं नाही, फक्त या वेळी कुणी बेल मारली नाही. चहा पूर्ण संपला.

डोकं मात्र अर्धंच राहिलं. बस पकडायला पळालो, गॅलरीतून आबा बघत होते. शेडमध्ये टोपी काढल्यावर बाळूभाऊंनी एकदा या बाजूनं पाहिलं, एकदा त्या बाजूनं. "काय राव, हप्त्यानं कापायला घातलंय व्हय?" मी त्यांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. चहाचा पिंप आला तेव्हा त्यांनी दोन रिकामे क्रेट उलटे केले. एकावर ते बसले, दुसऱ्यावर मला बसवलं. सेफ्टीवाला आला, ओरडला. आम्ही कप संपवून उठलो.

तर आक्काच्या प्रश्नाचं उत्तर, आणि सुपरवायझरच्याही : हो, पुरुषांना बसून चहा घ्यायला आवडतं. किटली, बशी, नखाएवढा केक, सगळं आवडतं. आम्हाला कुणी बसा म्हटलेलं नाही, म्हणून आम्ही हे बायकांचं काम आहे म्हणत उभे असतो. घर म्हणजे काय, असं मला आता कुणी विचारलं तर मी निलंगा म्हणत नाही, मोशीही म्हणत नाही आणि ती सहा जणांची खोली तर नाहीच. कप संपेपर्यंत जिथं कुणी उठ म्हणत नाही, तेवढी जागा माझं घर. आजवर ते एकदा मिळालंय, एका प्लॅस्टिकच्या स्टुलाएवढं, आणि त्यावर मी बसलेलो नव्हतो.

कंपनीकडं बाक मागायचं ते आम्ही मागू. निलंगेकरांनो, तुमच्याकडं मागणी वेगळी आहे. बसस्टँडसमोरच्या दुकानात दाढीला जाल तेव्हा चहा जरूर मागवा. चहा आला की खुर्चीतून उठा. गालाला फेस असला तरी उठा. आबांना त्या खुर्चीत बसवा, कप त्यांच्या हातात द्या, आणि तो संपेपर्यंत तुम्ही उभे राहा.