हारुकाचं ‘नो, नो!’

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायला हवं, नाहीतर माझं डोकं फुटेल. हारुकाला न्यूयॉर्कच्या बसमध्ये बसवून आलेय. तिथून ती थेट जपानला. अजून धुमसतेय. रागाने!

हारुका म्हणजे माझी इथली, स्टेट कॉलेज नावाच्या गावातली रूममेट. स्टॅटिस्टिक्सची पीएचडी. पहिल्याच आठवड्यात नाचत किचनमध्ये आली, “माय टेन्शन इज व्हेरी हाय!” मी नागपूरची, घाबरलेच. तिला बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. ती हसून हसून लोळायची बाकी! जपानमध्ये टेन्शन हाय म्हणजे माणूस जाम खूश. आमच्याकडे त्यासाठी डॉक्टरकडे जातात यार! तेव्हापासून रोज दारातच मी विचारायचे, “टेन्शन?” आणि ती ओरडायची, “हाय!”

शिकवण्यात तिचा जीव. ज्या पोराचं उत्तर चुकेल त्याला चॉकलेट, वर “डोन्ट माइंड!” म्हणजे तिच्या इंग्लिशमध्ये ‘जाऊ दे, होतं असं’. आणि या शिकवण्यावरच तिची फी माफ होती.

मागच्या महिन्यात कोऑर्डिनेटरने कॉरिडॉरमध्ये चालता चालता विचारलं, “यू डोन्ट वॉन्ट टू टीच नेक्स्ट सेमिस्टर?” ही कळवळून म्हणाली, “नो, नो!” घरी येऊन मला सांगितलं आणि आम्ही चक्क मॅगी करून सेलिब्रेट केलं. मलाही काही खटकलं नाही, कारण जपानीसारखंच मराठीतही असंच ना! “तुला शिकवायचं नाहीये?” “नाही नाही!” म्हणजे शिकवायचंय!

पण इंग्लिशमध्ये अशा प्रश्नाला ‘नो’ म्हणजे नकोच. त्याने ऐकलं, हिला नकोय. क्लास दुसऱ्याला देऊन मोकळा. मी तिला घेऊन त्याच्या ऑफिसात गेले. तो म्हणाला, “शी सेड नो. ट्वाइस.” मी सगळं समजावलं, तर हसून म्हणतो, “वेल, वी स्पीक इंग्लिश हिअर.” अरे, मग ती तुझ्या पोरांना इतके दिवस कशात शिकवत होती? एक मेल टाकून विचारायला काय झालं होतं? चूक कळली तरी क्लास परत नाहीच, कारण म्हणे शेड्यूल लागलंय! क्लास गेला तशी फीमाफीही गेली, आणि फी भरणं तिला शक्यच नव्हतं.

मी दार आपटलं. हारुकाने आधी त्याला वाकून थँक यू म्हटलं होतं. जिन्यात माझ्या हातात चॉकलेट ठेवलं. “डोन्ट माइंड.”

आज बसच्या दारात विचारलं, “टेन्शन?”

“लो,” ती म्हणाली. “व्हेरी लो.”

आमच्याकडे ही चांगली बातमी असते.

तुमचं ‘नाही’ कुणी असं उलटं ऐकून तुमच्या हातातलं काढून घेतलंय का? सांगा ना. की मलाच एकटीला एवढा राग येतोय?